दोर सोडला होता का?

माझ्या भाचीचं लग्न खुलताबादच्या पलीकडं एका खेड्यात होतं. पंगत बसलेली, वाढपी जिलेबी घेऊन आलेला, आणि माझ्या शेजारचं पान वाढलेलं पण पानावरचं माणूस गायब. म्हटलं, हात धुवायला गेली असेल. तेवढ्यात नवरदेवाकडची एक बाई माझ्या कानाशी लागली, "अहो, तुमच्यासंगं आलेल्या त्या बाई विहिरीत वाकल्यात. घरी काही तरास हाय का त्यांना?" उष्ट्या हातानं पळाले. बघते तर ही बया पदर खोचून विहिरीच्या काठावर उकिडवी बसलेली, हातात दोर, दोराच्या टोकाला गवंड्याचा ओळंबा, आणि मान तिरकी करून खालचा कानोसा घेतेय. मी तोंड उघडणार तोच म्हणाली, "श्श्, काकू! बोलू नका." खालून 'टप्' असा बारीक आवाज आला. मग दोर वर ओढत तिनं गाठी मोजल्या आणि माझ्याकडं बघून हसली. "नवरदेवाकडचे पाहुणे मघाशी काय म्हणत व्हते? विहीर काठोकाठ हाय म्हणून. दोर सोडला होता का त्यांनी? वरून वाकून बघितलं की सगळ्यांनाच पाणी दिसतं."

ही आमची शालिनी वाघमारे. विद्यापीठात वाघमारे मॅडम, उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत नुसती शालू. तिच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. मी तिच्याहून बरीच मोठी, म्हणून अगं-तुगं करायचे आणि ती मला काकू म्हणायची. लग्न केलं नाही तिनं. विचारलं तर म्हणायची, "काकू, मला एवढे दगड सांभाळायचेत, त्यात आणखी एक कशाला?" बाप गवंडी. शहरातल्या कितीतरी भिंती त्यानं सरळ उभ्या केल्या आणि पोरीला वसतिगृहात ठेवून शिकवलं. तो गेला तेव्हा भावांनी घर घेतलं, हिनं ओळंबा मागून घेतला. तोच तिच्या पर्समध्ये असायचा. दुसऱ्या बायकांच्या पर्समध्ये पावडरचा डबा असतो, हिची पर्स उचलली की मनगट भरून यायचं.

ती भूगर्भशास्त्र शिकवायची. मी सातवी शिकलेली बाई. पुढचं सगळं माझं मी वाचलं, पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकला नाही. तरी हे प्रकरण मला कळेना. एकदा विचारलंच, "शालू, हे दगडांचं ज्योतिष म्हणायचं का गं?" खळखळून हसली. "नाय काकू. ज्योतिषी पुढचं सांगतो, दगड मागचं सांगतो. आणि दगडाला दक्षिणा लागत नाय." पण तिचं खरं काम पाण्याचं. विभागात येणाऱ्या प्रत्येक पोरानं आपल्या गावची एक विहीर धरायची, दर महिन्याला दोर सोडून पाणी कुठं आहे ते मोजायचं, आणि शिकून जाताना ती विहीर मागच्या पोराच्या हवाली करायची. लग्नात मुलगी देतात तशी विहीर द्यायची, असं ती म्हणायची. माझी नात स्नेहल तिच्याकडं शिकायला गेली तेव्हा तिच्याही वाट्याला एक विहीर आली. पोरगी सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून यष्टीनं जायची. मी म्हणायचे, अगं एक दिवस झोप की. तर मला म्हणायची, "आजी, मॅडम विचारतील, दोर सोडला होता का?"

आता मुद्द्याचं सांगते, आणि सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या.

विद्यापीठात दर काही वर्षांनी बाहेरगावची शिकली-सवरलेली माणसं समिती म्हणून येतात. एकेका विभागात जातात. काय शिकवता, कसं शिकवता, काय कमी पडतंय, पोरांना उपयोग होतो का, हे सगळं बघतात, पोरांशी बोलतात, पालकांशी बोलतात, आणि काय सुधारायचं ते विद्यापीठाला लिहून देतात. किती चांगली गोष्ट आहे सांगा! मला कुणी असं दर पाच वर्षांनी येऊन सांगितलं असतं की बाई, तुझ्या स्वयंपाकात हे कमी आहे, संसारात ते चुकतंय, आणि वर ते दुरुस्त करायला हातभार लावला असता, तर मी त्याला पाटावर बसवून जेवू घातलं असतं. पण आपल्याकडं चांगल्या गोष्टीचं वरातीत रूपांतर करायची हौस दांडगी.

शालू विभागप्रमुख नव्हती तेव्हाची समिती मला आठवते, म्हणजे तिनं घरी येऊन जे सांगितलं ते. दर्शनी भिंतीला रंग दिला. मागच्या भिंतीला नाही, कारण समिती मागं जात नाही. मग कुंड्या आल्या. शोभेच्या झाडांच्या मोठ्या मोठ्या कुंड्या, टेम्पो भरून. समिती एका विभागात चहा घेतेय तोवर मागच्या दारानं कुंड्या टेम्पोत, टेम्पो पुढच्या विभागाच्या दारात. समिती पोचायच्या आत झाडं अशी उभी, जणू तिथंच रुजली. एका कुंडीची कड फुटलेली होती. ती फुटकी कुंडी, शालू म्हणाली, समितीच्या पुढं पुढं सगळं विद्यापीठ फिरून आली.

आणि पालक! खरे पालक कोण? कुणी वाळूजला कंपनीत पाळीवर, कुणी कापसात, कुणी दुसऱ्याच्या बांधावर. त्यांना कोण बोलावतो? मग हापिसातल्या लोकांचे मेहुणे-साडू इस्त्रीचे कपडे घालून पालक म्हणून बसवले. समितीतल्या एका बाईंनी त्यातल्या एका गृहस्थाला विचारलं, "आपका बेटा कौन से साल में है?" तो भला माणूस घाईत खरं बोलून गेला, "सातवीत." शालू सांगताना हसून हसून आडवी झाली होती. मग उठून बसली. म्हणाली, "काकू, हसतेय मी, पण हे हसण्यासारखं नाय."

नव्हतंच. विभागाला वरची श्रेणी मिळाली, पेढे वाटले. आणि पुढं काय झालं? विभागातले दोन सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणसं द्या म्हणून विभागानं मागणी केली, तर वरून उत्तर काय, तर तुम्हाला समितीनं उत्तम म्हटलंय, उत्तमाला काय कमी? गावोगाव न्यायची जीप बंद पडली. दुरुस्तीला तेच उत्तर. ती विटांवर चढली ती चढलीच. शालू त्या दिवशी माझ्या ओट्याशी उभी राहून जे बोलली ते मी विसरणार नाही. "काकू, तापानं फणफणलेल्या पोराला पावडर लावून डॉक्टरकडं न्यायचं. डॉक्टर म्हणला, वा, छान आहे, की घरी येऊन पेढे वाटायचे. आणि पोरगं तापातच!"

मग काही वर्षांनी ती प्रमुख झाली. प्रमुख म्हणजे काय, कायमची शिक्षक म्हणून ती एकटीच उरली होती. बाकी तासावर येणारी दोन पोरं. आणि पुन्हा समिती यायची ठरली. आधी विभागानं आपलं आपण मूल्यमापन लिहून द्यायचं असतं. हिनं लिहिलं. जसं होतं तसं. शिक्षक नाहीत, गाडी बंद आहे, पोरं स्वतःच्या खर्चानं यष्टीनं जातात, प्रयोगशाळेचं छत गळतं. आणि पोरांनी किती विहिरी धरल्या, गावांना त्याचा काय उपयोग झाला, तेही लिहिलं.

दुसऱ्याच संध्याकाळी विद्यापीठातले एक साहेब तिच्या घरी हजर. या समितीच्या कामाचे ते मुख्य. मी त्यांना गुणवत्तेचे साहेब म्हणते. माणूस गोड, हातात चिवड्याचं पाकीट. मी तिथंच मेथी निवडत बसले होते, उठले नाही.

"मॅडम, फार छान लिहिलंय," साहेब म्हणाले. "फक्त शब्द जरा बदलू. 'शिक्षक नाहीत' असं नका लिहू. 'शिक्षकभरती प्रगतिपथावर' असं लिहा."

"कुठल्या पथावर, साहेब? मी रोज वाट बघते. मला तर कुणी येताना दिसला नाय."

साहेब हसले. "बरं, ते गाडीचं. 'पर्यावरणपूरक सर्वेक्षण' म्हणता येईल. पोरं यष्टीनं जातात ना? 'सार्वजनिक वाहतुकीला प्रोत्साहन.'"

माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "आणि छत गळतं त्याला काय म्हणायचं, साहेब? पाऊसपाणी साठवण योजना?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग शालूकडं. "या कोण?"

"पालक," शालू म्हणाली. "खऱ्या."

मग साहेबांचा गोडवा संपला. म्हणाले, "मॅडम, तुम्ही समजून घ्या. असलं लिहून विभाग बुडवाल तुम्ही."

शालू शांतपणे म्हणाली, "साहेब, दोर सोडल्यानं विहीर आटत नसते."

साहेब चिवडा ठेवून गेले. तो आम्ही खाल्ला. चांगला होता.

समिती आली त्या दिवशी मी सकाळीच स्नेहलबरोबर विभागात गेले. दारात टेम्पो उभा आणि कुंड्या उतरवणं चाललेलं. फुटकी कुंडी सगळ्यात पुढं. शालू बाहेर आली आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, "दादा, ह्या परत चढवा. हितं नकोत." तो बिचारा गोंधळला, "मैडम, साब का ऑर्डर है." ती म्हणाली, "साब को बोलो, हमारे यहाँ पानी कम है, झाड मर जाएगा." मग तिनं विटांवरच्या जीपवर कुणीतरी टाकलेलं हिरवं कापड ओढून काढलं, घडी घालून बाजूला ठेवलं. जीप अशी उघडी पडली की मलाच मेलं लाजल्यासारखं झालं. शालू नाही लाजली.

पालक म्हणून आम्ही बसलो. तिनं आठवडाभर स्वतः फोन करून करून माणसं जमवली होती. कुणी शेतातून आलेलं, एक बाई डोक्यावरची पाटी कोपऱ्यात ठेवून बसली होती. एक जण वाळूजहून रात्रपाळी करून तसाच कंपनीच्या निळ्या सदऱ्यात आला होता, डोळे तांबडे. समितीचे अध्यक्ष पिकल्या केसांचे, बाहेरच्या राज्यातले, हिंदीत बोलणारे. त्यांनी त्यालाच विचारलं की तुमच्या मुलीला इथं शिकून काय मिळालं. तो उठून उभा राहिला, हात कुठं ठेवावे कळेना त्याला. म्हणाला, "साहेब, पोरगी गावात आली की बाया हंडा खाली ठिवून तिला इचारत्यात, औंदा कुठवर पुरंल? ती दोर सोडती आन् सांगती. आधी आमाला विहीर कोरडी पडल्यावर कळायचं. आता पाणी हाय तवाच कळतं, म्हून टँकरचा अर्ज येळेवर जातो. दुसरं काय सांगू? नोकरीचं अजून काय नाय." आणि खाली बसला.

मग शालूनं अध्यक्षांना विभागाच्या मागच्या बाजूला नेलं. रंग न दिलेल्या भिंतीकडं. तिथं जुनी विहीर होती. तिनं ओळंबा त्यांच्या हातात दिला. तो म्हातारा माणूस कोट सावरत वाकला, दोर सोडत गेला. 'टप्.' त्याच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखं हसू आलं. जाताना म्हणाला, "मैडम, सब जगह हमें दिखाया गया कि क्या है। आपने दिखाया कि क्या नहीं है।" गुणवत्तेचे साहेब मागंच उभे होते, रुमालानं मान पुसत.

त्या संध्याकाळी शालूनं माझ्याकडं पुरणपोळ्या मागून खाल्ल्या. "आता देतील काकू माणसं. आता बाहेरच्यानं बघितलंय."

समितीनं लिहिलं चांगलंच. मी शालूकडून ते मराठीत वाचून घेतलं. पोरांच्या विहिरींचं काम असं दुसरीकडं बघितलं नाही, असं लिहिलं. रिकाम्या जागा तातडीनं भरा, गाडी दुरुस्त करा, असं लिहिलं. आणि पुढं लिहिलं की एका कायम शिक्षकावर हा अभ्यासक्रम चालवणं शक्य नाही.

झालं. विद्यापीठानं एवढं सगळं सोडून ते शेवटचं वाक्य उचललं. अभ्यासक्रम चालवणं शक्य नाही, असं समितीच म्हणते! तेव्हा प्रवेश बंद. आहेत ती पोरं बाहेर पडली की विभाग दुसऱ्या मोठ्या विभागात विलीन.

अहो, याला काय म्हणायचं? डॉक्टरनं लिहून दिलं की पोराला दूध द्या, नाहीतर पोरगं जगणार नाही. घरच्यांनी चष्मा लावून वाचलं, "जगणार नाही," आणि तिरडी बांधायला घेतली! आणि ज्यांच्या दारात त्या कुंड्या उभ्या होत्या त्यांना वरची श्रेणी. म्हणजे खोटं बोलणाऱ्याला काही मिळत नाही कारण त्याला काही कमी नाही, आणि खरं बोलणाऱ्याला काही मिळत नाही कारण त्याच्याकडं काहीच नाही. मग ती समिती बोलवता कशाला? त्या म्हाताऱ्या माणसाला एवढ्या लांबून आणून विहिरीवर वाकवलंत कशाला? ज्या मुलखात उन्हाळ्यात रस्त्यानं माणसांपेक्षा टँकर जास्त दिसतात, तिथं पाणी कुठं आहे ते सांगणारा विभाग बंद करायचा, आणि कागदावर त्याला सुधारणा म्हणायचं! शालू म्हणाली होती, दोर सोडल्यानं विहीर आटत नसते. खरं होतं तिचं. विहीर आटली नाही. बुजवली.

शालू वर जाऊन भेटली, पुन्हा भेटली, बाहेर बाकावर बसवून ठेवलं तरी बसली. एकदा मी चिडून म्हटलं, "तू तेव्हा त्या साहेबाचं ऐकलं असतंस, प्रगतिपथ का काय ते लिहिलं असतंस, तर निदान दार तरी उघडं राहिलं असतं." तिला राग आला नाही. म्हणाली, "काकू, आजाऱ्यानं डॉक्टरला खोटं सांगितलं तर दोष आजाऱ्याचा. आपण खरं सांगितलं. आता दोष कुणाचा ते तरी उघड्यावर आलं. नायतर आपली पोरं म्हणली असती, आमच्याच बाईनं लपवलं."

शेवटची तुकडी स्नेहलची. त्यांच्या मागं कुणी नव्हतं, म्हणून त्यांच्या विहिरी कुणाच्या हवाली करायच्या हा प्रश्न पडला. शालू म्हणाली, "मग सोडू नका." निवृत्त झाल्यावरही ती पोरांबरोबर हिंडायची. स्नेहल आता वाळूजला एका कंपनीत हापिसात बसते, पण सुट्टीला तिची विहीर चुकत नाही. शालूला मात्र काळजाचं दुखणं जडलं. दवाखान्यात असताना तरुण डॉक्टर म्हणाला, आजी, तुमची तब्येत आता छान आहे. ती हसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "दोर सोडला का यानं?" ते तिचं माझ्याशी शेवटचं नीट बोलणं. या उन्हाळ्यात ती गेली.

विद्यापीठानं शोकसभा ठेवली. विभागाच्याच जुन्या इमारतीत, जिथं आता दुसऱ्याच कसल्या केंद्राची पाटी आहे. मी आणि स्नेहल गेलो. वाळूजचा तो निळ्या सदऱ्यातला बापही आला होता. समोर टेबलावर शालूचा फोटो, हार घातलेला, आणि फोटोच्या दोन्ही बाजूंना आणि मागं ओळीनं कुंड्या. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. डावीकडच्या कुंडीची कड फुटलेली.

गुणवत्तेचे साहेब बोलायला उभे राहिले. आता आणखी मोठ्या पदावर आहेत म्हणे. म्हणाले, "मॅडमनी हा विभाग नावारूपाला आणला. त्यांचं कार्य विद्यापीठ सदैव पुढं नेत राहील."

मी उठले. ठरवून नाही उठले, पाय उठले. म्हटलं, "साहेब, दोर सोडला होता का?"

ते म्हणाले, "काय म्हणालात, आजी?"

मी पुढं गेले आणि ती फुटकी कुंडी दोन्ही हातांनी धरली. जड होती मेली. स्नेहल म्हणाली, "आजी, कंबर!" आणि तिनं दुसरी बाजू धरली. आम्ही ती दाराकडं न्यायला लागलो. तो निळ्या सदऱ्यातला बाप उठला आणि त्यानं दुसरी उचलली. मग त्या विभागातून शिकून गेलेली पोरं एकेक करून उठली. साहेब माइक धरून तसेच उभे.

बाहेर टेम्पो लावलेलाच होता. टेम्पोवाला धावत आला आणि आमच्या हातातली कुंडी घेत म्हणाला, "आजी, संभाल के! दोपहर को कॉमर्सवालों के यहाँ लगना है ये. वहाँ कमिटी आ रई."

मी पदरानं हात पुसले आणि आत आले. कुंड्या गेल्यामुळं टेबलामागची भिंत दिसत होती. छतापासून खाली उतरलेला ओलीचा मोठा डाग, आणि त्याच्यापुढं शालूचा फोटो. आता कशी ती तिच्या विभागात बसल्यासारखी दिसत होती.